कलिंगा काइन: पारखायचं, घ्यायचं, नेसायचं आणि सांभाळायचं कसं

लाल रंग बघून भुलू नका, हे सगळ्यात आधी सांगते. लालभडक पट्टे, मध्ये काळा किंवा गडद निळा, अधूनमधून पिवळ्या-पांढऱ्या रेघा, एवढं आता छापील कापडातही मिळतं. कलिंगा बायका कमरेला गुंडाळतात त्या काइनला जी किंमत पडते ती रंगाची नाहीच. ती ताण्याची, म्हणजे लांबीत धावणाऱ्या धाग्यांची, दोन पट्ट्या जोडणाऱ्या सांध्याची आणि कडांवरच्या कामाची. घेताना, नेसताना, धुताना आणि उसवल्यावर याच तीन जागा बघायच्या. पुढचं सगळं त्यांच्याभोवतीच फिरतं.

कलिंगा हा फिलिपिन्सच्या लुझॉन बेटावरचा, कॉर्डिलेरा डोंगररांगेतला प्रांत. ओडिशाच्या कलिंगाशी त्याचा संबंध नाही, अशोकाला इथे आणू नका. १९९५ पर्यंत तो कलिंगा-आपायाओ या जोडप्रांताचा भाग होता, मग वेगळा झाला. ताबुक ही राजधानी, चिको ही नदी, आणि विणकामासाठी नाव निघतं ते लुबुआगानचं, त्यातही तिथल्या माबिलोंग वस्तीचं. या भागात येणारे पर्यटक बहुतेक करून तिंगलायानमधल्या बुस्कालान गावी वांग-ओद आजींचं गोंदण बघायला जातात. २०२३ मध्ये वयाच्या १०६व्या वर्षी त्या ‘व्होग फिलिपिन्स’च्या मुखपृष्ठावर आल्या, त्यामुळे आपल्याकडेही बऱ्याच जणांना हे नाव माहीत झालं. तिथून ताबुककडे निघालं की वाटेतच लुबुआगान लागतं. गोंदणाच्या नादात ते राहून जातं.

आधी डोळा तयार करा

बाजारात जाण्यापूर्वी एखादं अस्सल जुनं काइन जवळून बघून घ्या. मनिलाच्या राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालयात ‘हिब्ला नांग लाहिंग फिलिपिनो’ हे कापडांचं कायमस्वरूपी दालन २०१२ पासून आहे. प्रवेश मोफत. कॉर्डिलेरातल्याच बागिओ शहरात जाणार असाल तर तिथल्या फिलिपिन्स विद्यापीठाच्या शाखेतलं ‘म्युझिओ कॉर्डिलेरा’ बघा, ते २०१७ मध्ये उघडलं. काचेपलीकडून नक्षी बघत बसू नका. दोन पट्ट्या जिथे जोडल्यात ती रेघ शोधा आणि खालच्या कडेकडे वाका. अर्ध्या तासात डोळ्याला इतकी सवय होते की नंतर दुकानातला ढीग उपसताना निम्मा माल हात न लावताच बाजूला पडतो.

आणखी एक. दुकानदार ‘तापिस’ म्हणेल. हा शब्द त्या डोंगराळ भागातल्या सगळ्याच लोकांच्या गुंडाळायच्या वस्त्रांना चालतो. बोंतोकचं, इफुगाओचं, कलिंगाचं, सगळं त्यात येतं. तेव्हा कुठल्या प्रांतातलं आणि कुठल्या गावातलं, हे वेगळं विचारायचं.

माग कसा चालतो, हे का कळायला हवं

कलिंगा विणकामाला ‘लागा’ म्हणतात, आणि ते होतं कमरपट्ट्याच्या मागावर. आपल्याकडे नागालँड, मणिपूरमध्ये अशाच जातीचा माग चालतो. इचलकरंजी किंवा सोलापूरचा माग डोळ्यासमोर असेल तर तो पुसून टाका. इथे चौकट नाही, पायाने दाबायच्या पावड्या नाहीत, फणीही नाही. काढून गुंडाळला की काखेत मारून नेता येईल असा काठ्यांचा जुडगा, एवढाच तो माग.

ताण्याचं एक टोक भिंतीला किंवा खांबाला बांधलेलं असतं, दुसरं विणकर बाईच्या कमरेमागच्या पट्ट्याला. ती मागे रेलली की ताणा घट्ट होतो, पुढे झुकली की सैल. म्हणजे कापडाचा ताण तिच्या पाठीतून येतो. एका काठीला दोऱ्यांचे फासे बांधलेले असतात. ती उचलली की एकाआड एक ताण्याचे धागे वर येतात, त्या फटीतून बाणा, म्हणजे आडवा धागा, जातो, आणि मग गुळगुळीत, जड लाकडी पट्टी आडवी घालून तो ठोकून बसवतात. ही तलवारीच्या आकाराची पट्टी फणीचं काम करते. दुपारभर तो ठक-ठक आवाज चालू असतो.

यातून तीन गोष्टी निघतात, आणि खरेदीच्या वेळी तिन्ही उपयोगी पडतात.

ताण्याचे धागे इतके दाट असतात की बाणा जवळजवळ दिसतच नाही. रंगांचे पट्टे सगळे ताण्याचेच, म्हणजे कुठला रंग कुठे येणार हे ताणा मांडतानाच ठरतं. विणायला बसल्यावर पट्ट्यांचा क्रम बदलता येत नाही.

कापडाची रुंदी बाईच्या दोन हातांच्या आवाक्याएवढीच राहते. एका पट्टीत कमरेपासून गुडघ्यापर्यंतची उंची भरत नाही, म्हणून दोन पट्ट्या लांबीच्या बाजूने जोडतात. तो जोड लपवायचा नसतो, सजवायचा असतो.

पट्टे कापडाच्या लांबीत धावतात, आणि कापड कमरेभोवती गुंडाळतात. त्यामुळे नेसल्यावर ते आडवे दिसतात. उभ्या पट्ट्यांचा ‘कलिंगा स्कर्ट’ दिसला तर समजायचं की कुणीतरी थान फाडून शिवलाय.

मधली बारीक नक्षी, म्हणजे शंकरपाळी आकाराचे डोळे किंवा नागमोडी रेघा, बारीक काडीने हवे तेवढेच धागे उचलून काढतात, किंवा त्या जागी जादा बाणा घालून. वेळ तिथे जातो. सपाट पट्टे भराभर होतात, पण नक्षीची एक बोटभर ओळ हाताला बांधून ठेवते. त्या नक्षीचे अर्थ सांगणारे दुकानात भरपूर भेटतील, डोंगर, सूर्य, साप, तांदूळ. मी त्यांचं ऐकते आणि सोडून देते. विणणारीला विचारलेलं बरं.

बागिओत २०व्या शतकाच्या सुरुवातीला मिशनच्या शाळेतून पायमागाचं विणकाम रुजलं. ते कापड रुंद निघतं, लवकर निघतं. तेही हातमागच आहे, त्यात कमीपणा काही नाही. फक्त ते कमरपट्ट्याच्या मागाच्या भावाने विकलं जाऊ नये. खरी अडचण त्याच्या पुढची आहे, यंत्रमागावर काढलेलं किंवा नुसतं छापलेलं ‘जमातीचं’ कापड. बाजारपेठांमध्ये ते याच काइनच्या शेजारी लटकलेलं असतं आणि लांबून फरक कळत नाही.

हातात घेतल्यावर

आधी उलटं करा. पैठणी घेताना आपण पदर उलटून बघतो, तसंच. छापील असेल तर मागची बाजू फिकी निघेल आणि विषय तिथेच संपला. विणलेलं असेल तर मागेही पट्टे तितकेच गडद असतात, नक्षीच्या जागी मात्र रंग उलटे पडलेले किंवा धागे मोकळे सुटलेले दिसतात.

मग कापड उजेडासमोर धरा. फणी असलेल्या मागावर धाग्यांमध्ये ठरावीक अंतराने बारीक उभ्या फटी राहतात. कापडाची रुंदी ताणून धरायला काठाला टोचलेल्या पट्टीची भोकंही दिसू शकतात. कमरपट्ट्याच्या मागावर यातलं काही नसतं. उलट काठ किंचित आतबाहेर होतो, कारण माणूस दिवसभर एकाच ताणाने मागे रेलून बसू शकत नाही. टेप लावून चार जागी रुंदी मोजा. दोन-चार मिलिमीटरचा फरक निघाला तर चांगलीच खूण. सगळीकडे अगदी तंतोतंत एकच माप आलं तर बाकीच्या खुणा जास्त बारकाईने बघा.

आता सांधा. दोन पट्ट्या रंगीत धाग्यांनी, जवळजवळ टाके घालून जोडलेल्या असतात, आणि टाक्यांचा रंग थोड्या थोड्या अंतराने बदलतो. लाल, पिवळा, पांढरा, हिरवा. उघड्या कडांनाही असंच भरतकाम असतं. नखाने टाका हलकेच उचलून बघा. हाताचा टाका कुठे किंचित घट्ट, कुठे सैल लागतो, आणि मागे गाठ सापडते. मशीनचा टाका मागून दुसऱ्याच दोऱ्याने बांधलेला असतो. सांध्याशी दोन्ही बाजूंचे पट्टे, नक्षीच्या ओळी एकमेकींशी जुळतात का, तेही पाहा. जुळत असतील तर दोन्ही पट्ट्या एकाच बाईने, एकमेकींचा विचार करून विणल्यात. थोड्या चुकल्या तरी चालेल. अजिबातच संबंध नसेल तर उरलेले तुकडे जोडलेत.

कडेला लावलेले शिंपल्याचे पातळ तुकडे म्हणजे ‘पाविसाक’. चालताना, नाचताना ते एकमेकांवर आपटून किणकिणतात. सगळ्याच काइनना ते नसतात, रोजच्या वापरातल्याला तर नकोच. असतील तर एक तुकडा गालाला लावा. शिंपला गार लागतो, प्लॅस्टिक लागत नाही. तिरपा धरला की चमक हलते, आणि कुठलेही दोन तुकडे सारख्या जाडीचे नसतात. सगळे एका साच्यातले वाटले तर ते साच्यातलेच. यापेक्षा महत्त्वाची तपासणी भोकाची. शिंपल्याच्या भोकाची कड धारदार राहिली असेल तर ती रोज थोडा थोडा दोरा कापते. भोकाजवळचा दोरा पिंजलेला दिसला की ते तुकडे महिन्याभरात गळणार.

शेवटी, विकणारीला विचारून, ओला पांढरा रुमाल लाल पट्ट्यावर कोपऱ्यात दाबा. रंग लागला म्हणून कापड खोटं ठरत नाही, पण धुताना काय होणार ते कळतं.

सूत की कृत्रिम धागा, यावरून अस्सलपणा ठरवू नका. पूर्वी सुती धागा वापरात होता, आता तयार रंगवलेला कृत्रिम किंवा मिश्र धागा माबिलोंगच्या विणकर बायकाही सर्रास वापरतात. रंग पक्का, भाव आवाक्यात, आणि तुटत नाही. मला सुती आवडतं, पण ती माझी आवड. खात्री हवी असेल तर घरी आल्यावर दशीतला एक सुटा धागा चिमट्यात धरून जाळा. कागद जळल्याचा वास आणि भुरभुरीत राख म्हणजे सूत. वितळून टणक मणी झाला तर कृत्रिम. दुकानात काडेपेटी काढू नका.

कुठून आणि कसं घ्यायचं

जमलं तर लुबुआगानला जाऊन थेट घ्या. मनिलाहून रात्रीची बस धरली की सकाळी ताबुक, तिथून जीपनी. या भागात इलोकानो भाषा बहुतेकांना समजते. मोठ्या बाईला ‘मनांग’ म्हणायचं, म्हणजे ताई. किंमत विचारायची ती ‘सागमामानो दायतोय?’ अशी, आणि निघताना ‘आग्यामानाक’, म्हणजे आभारी आहे. एवढ्यावर पुढची दारं उघडतात. फोटो काढायचा तर आधी विचारा, माग चालू असताना तर नक्कीच.

भावासाठी माझा ठोकताळा साधा आहे. विणायला किती दिवस गेले, सांधा आणि कडा कुणी केल्या, त्याला किती वेळ लागला, हे विचारायचं. तेवढ्या दिवसांची मजुरी मनात मांडायची, धागा आणि पाविसाक त्यात मिळवायचे. सांगितलेला भाव त्याच्या खाली असेल तर एकतर कापड ते नाही, नाहीतर बाईला पैसे पुरते मिळत नाहीत. थेट विणणारीशी घासाघीस करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बागिओच्या बाजारातल्या दलालाशी जरूर करा.

तयार मिळालं नाही तर सांगून करून घ्या. मागणी देताना कमरेचं नाही, नितंबाचं माप सांगा आणि त्याच्या दीडपट लांबी मागा, म्हणजे पुरेसा ओव्हरलॅप मिळतो आणि चालताना उघडं पडत नाही. उंची कमरेपासून गुडघ्याखालपर्यंत मोजून द्या. थोडी आगाऊ रक्कम द्यायची, धाग्याचा खर्च आधी होतो.

घराण्यात चालत आलेलं जुनं काइन कुणी विकायला काढलं तर मी घेत नाही. गळ्यातल्या जुन्या मण्यांच्या माळांचंही तसंच. त्या पिढ्यांच्या असतात आणि त्या घरातच राहाव्यात. आणि नवीन काइन आणून ते कापून जॅकेट किंवा पिशवी शिवणार असाल तर काइन घेऊच नका. बाणा आत दडलेला असल्यामुळे कापल्या जागी ताण्याचे धागे भसाभस सुटतात, आणि एवढ्या मेहनतीचा सांधा कात्रीखाली जातो. शिवायला कापड हवं असेल तर त्याच बायकांकडे तशी पट्टी वेगळी सांगा. बुटीक चालवणाऱ्यांनी इतकं लक्षात ठेवावं की फिलिपिन्सच्या १९९७ च्या आदिवासी हक्क कायद्यात पारंपरिक कलेवर त्या समाजाचा हक्क मान्य केलेला आहे. नक्षीचा फोटो काढून इकडे सुरतेत छापून आणणं ही ‘प्रेरणा’ नव्हे.

नेसायचं कसं

कलिंगा बायका काइन लग्नाला, सणाला, दोन गावांमधल्या सलोख्याच्या कराराच्या सोहळ्याला, आणि गांग्सा म्हणजे सपाट काशाच्या थाळ्या वाजवत होणाऱ्या नाचांना नेसतात. लुबुआगानचे आलोन्सो साक्लाग यांना नाच आणि वादनासाठी २००० साली फिलिपिन्सचा ‘राष्ट्रीय जिवंत ठेवा’ हा सन्मान मिळाला. त्या नाचात पावलाबरोबर पाविसाकचा आवाज येतो, म्हणून कडेचे तुकडे थोडे मोकळे टांगलेले असतात.

नेसणं अवघड नाही. कापड मागून पुढे घ्या, सांधा आडवा आणि सरळ राहील असं. आतलं टोक कमरेला घट्ट बसवा, बाहेरचं भरतकामाचं टोक त्यावर आणा, वरची कड एकदा बाहेर दुमडा आणि वर विणलेला पट्टा किंवा साधा अरुंद बेल्ट बांधा. कापड जाड आणि गुळगुळीत, नुसतं खोचून भागत नाही. उघडी बाजू कुठल्या अंगाला ठेवायची, हे जिच्याकडून घेतलं तिलाच विचारा आणि तिच्यासमोर एकदा नेसून दाखवा. त्या हसतील, पण नीट करून देतील. वर साधा पांढरा ब्लाउज पुरतो. बसताना मागची कड उचलून बसा, नाहीतर मांडीखाली शिंपले चिरडतात. आणि मुंबईच्या मे महिन्यात हे नेसायचा विचार सोडा, डिसेंबरच ठीक.

धुणं

आपल्याकडे रंग जाऊ नये म्हणून नव्या कापडाला व्हिनेगर किंवा लिंबू लावायची सवय असते. काइनला पाविसाक असतील तर हे अजिबात करायचं नाही. शिंपला म्हणजे चुन्याच्याच जातीचा पदार्थ, आम्ल लागलं की तो झिजतो. एकदा चमक गेली की परत येत नाही.

प्रत्येक वेळी नेसल्यावर धुवायची गरजही नसते. सावलीत वारा द्या, मऊ ब्रशने धूळ झटका. धुवायचंच झालं तर आधी प्रत्येक रंगावर ओला पांढरा कपडा दाबून बघा. रंग सुटत असेल तर पाण्यात घालू नका, डाग असेल तेवढाच ओल्या फडक्याने टिपा. सुटत नसेल तर पसरट टबात थंड पाणी, त्यात अगदी थोडा सौम्य लिक्विड साबण, आणि कापड पसरून हाताने दाबत धुवा. भिजत ठेवायचं नाही, चोळायचं नाही, पिळायचं तर नाहीच. दोन-तीन पाण्यांतून काढून जाड टॉवेलमध्ये गुंडाळा, पाणी टॉवेल ओढून घेतो. वाळवताना दोरीवर टांगू नका. ओल्या कापडाचं आणि शिंपल्यांचं वजन सांध्यावर येतं, तो ताणला जातो. खाटेवर चादर टाकून सावलीत आडवं पसरा.

इस्त्री उलट्या बाजूने, सगळ्यात कमी गरम, वर सुती फडकं घालून. कृत्रिम धागा जास्त तापला की चकाकतो आणि ती चकाकी जात नाही. शिंपल्यांवर, आणि कडेला मणी असतील तर त्यांच्यावरही, इस्त्री नको. ड्रायक्लीनिंगला टाकायची वेळ आलीच तर आधी मण्यांची खात्री करा. काही प्लॅस्टिकचे मणी त्या रसायनात मऊ पडतात, विरघळतातसुद्धा.

ठेवणं आणि दुरुस्ती

लाकडी कपाट शिंपल्याला मानवत नाही. बंद लाकडातून बारीक आम्लाची वाफ निघते, आणि दमट हवेत काही काळाने शिंपल्यावर पांढरी भुकटी धरते. संग्रहालयांना ही डोकेदुखी नेहमीची. स्टीलचं कपाट बरं. घडी घालण्यापेक्षा जाड पुठ्ठ्याच्या नळीवर धुतलेलं मलमल गुंडाळून त्यावर काइन गुंडाळा, शिंपल्यांच्या कडेखाली मलमलीचाच एक पदर येऊ द्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका. डांबराच्या गोळ्या प्लॅस्टिकच्या मण्यांना चिकट करतात, त्याही नकोत. खळ घालू नका, झुरळं आणि कसर तिच्यासाठीच येतात. कोकणात किंवा मुंबईत असाल तर पावसाळ्यात उघडीप मिळाली की बाहेर काढून तासभर वारा द्या.

सांधा उसवू लागला तर दोन बोटांएवढा असतानाच हाती घ्या. नायलॉनचा दोरा वापरू नका. दुरुस्तीचा दोरा कापडापेक्षा कच्चा हवा, म्हणजे ताण आला की दोरा तुटतो, कापड फाटत नाही. सुती दोरा घ्या, सुईचं टोक ताण्याच्या धाग्यातून न घालता दोन धाग्यांच्या मधून घाला, आणि शाबूत टाक्यांच्या जुन्या भोकांतूनच पुढे जा. मूळ टाका कसा आहे ते आधी भिंगाने बघून, तसाच घाला. त्याच्या जागी आपला आवडता टाका घालू नये.

सुटलेला पाविसाक लावताना भोकाची धार बारीक पॉलिश पेपरने दोन वेळा फिरवून मोडा, दोऱ्याला मेण लावा, आणि तुकडा कापडाला आवळून न शिवता थोडा सैल ठेवा, तो हलला पाहिजे. प्रत्येक तुकड्याची गाठ वेगळी मारा. एक तुटला तर शेजारचे चार त्याच्याबरोबर जात नाहीत. शर्टाची बटणं लावून जागा भरू नका, ती लांबूनही ओळखू येतात. त्यापेक्षा काइन घेतानाच मनांगकडे चार-सहा जादा पाविसाक आणि सांध्याच्या प्रत्येक रंगाचा हातभर धागा मागून घ्या. बहुतेक जणी देतात, आणि एखादीने पैसे मागितले तर द्या.